२०,२८३ पेट्या : १८३९ची अफूजप्ती आणि मुंबईचा दावा

चीनच्या दाओग्वांग सम्राटांनी नेमलेले खास आयुक्त लिन झेशू मार्च १८३९मध्ये कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगझौला, पोहोचले आणि पुढच्या काही आठवड्यांत परदेशी व्यापाऱ्यांकडून अफूच्या २०,२८३ पेट्या ताब्यात घेऊन त्यांनी त्या नष्ट केल्या. पहिले अफू युद्ध या घटनेतून पेटले, हे सर्वांना ठाऊक आहे. प्रस्तुत अभ्यासात प्रश्न मात्र हिशेबाचा घेतला आहे. त्या पेट्या कोणाच्या मालकीच्या होत्या, जप्तीचे नुकसान कोणाच्या नावावर पडायला हवे होते, आणि प्रत्यक्षात ते कोणी भरले? हा हिशेब लावताना कँटन आणि लंडन यांच्याइतकेच मुंबईचे नाव वारंवार समोर येते. आपल्याकडे या प्रकरणाकडे दोन परक्या सत्तांचे भांडण म्हणून पाहिले जाते. मला ते मुंबईच्याच इतिहासाचे एक प्रकरण वाटते आणि ते तसेच वाचले जावे असा माझा आग्रह आहे.

माल कोठून येत होता

त्या काळात चीनला जाणारी अफू दोन वाटांनी जाई. बिहार आणि बनारसकडची अफू ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीतील होती. कंपनी शेतकऱ्यांकडून ती ठरलेल्या दराने घेई आणि कलकत्त्यात लिलावाने विकी. माळव्याची गोष्ट वेगळी होती. उज्जैन, इंदूर, रतलाम, मंदसोर हा प्रदेश शिंदे, होळकर आणि इतर संस्थानिकांच्या ताब्यात असल्यामुळे तिथल्या खसखशीच्या शेतांवर कंपनीचा थेट हुकूम चालत नव्हता. सावकार शेतकऱ्याला आगाऊ रक्कम देत, चीक गोळा झाल्यावर माल स्वतःकडे घेत, आणि तो अनेक हातांतून फिरत किनाऱ्यापर्यंत येई. कंपनीने आधी हा माल रोखून पाहिला, मग स्वतःच विकत घेऊन पाहिला. पण रोखलेला माल राजपुताना आणि सिंधमार्गे कराचीला, तिथून पोर्तुगिजांच्या दमणला जाई आणि चीनला पोहोचायचा तो पोहोचेच. शेवटी १८३१मध्ये कंपनीने व्यवहार्य तोडगा काढला. पेटीमागे १७५ रुपये भरून परवाना घ्यावा आणि माल सरळ मुंबई बंदरातून न्यावा. दमणची वाट तरीही बंद पडेना, तेव्हा १८३५मध्ये हा दर १२५ रुपयांवर आणावा लागला. चीनमध्ये बंदी असलेला माल मुंबईत मात्र रीतसर कर भरलेला, परवानाधारक माल ठरला.

१८३० ते १८४० या दशकात भारतातून चीनला जाणाऱ्या अफूपैकी सुमारे निम्मी माळव्याची होती आणि युद्धापूर्वीच्या शेवटच्या हंगामात एकूण निर्यात ४०,००० पेट्यांच्या घरात गेली होती. माळव्याच्या पेटीत साधारण साठ किलो माल बसे. त्याआधी मुंबईहून चीनला मुख्यतः कापूस जात असे; कापसाचा नफा आटला तसे भांडवल अफूकडे वळले. या धंद्यात पारशी, गुजराती, मारवाडी आणि कोकणी मुसलमान व्यापारी होते, युरोपीय पेढ्या होत्या, आणि या सर्वांत ठळक नाव सर जमशेटजी जीजीभाई यांचे होते. जमशेटजींनी तरुणपणी स्वतः चीनच्या पाच सफरी केल्या होत्या. १८०५मध्ये अशाच एका सफरीत फ्रेंचांनी त्यांचे जहाज पकडले, तेव्हा त्याच जहाजावर विल्यम जार्डिन हे तरुण डॉक्टर होते. पुढे जार्डिन यांनी कँटनमध्ये जेम्स मॅथेसन यांच्यासह सर्वांत मोठी पेढी उभी केली, आणि तिच्याशी मुंबईचा सर्वांत मोठा व्यवहार जमशेटजींचा राहिला.

या व्यवहाराची रचना नीट पाहिल्याशिवाय पुढचा पेच कळत नाही. कँटनची पेढी बहुतेक माल स्वतःच्या पैशाने विकत घेत नसे. ती आडत्या म्हणून काम करी. माल मुंबईकराचा, जहाज कधी मुंबईकराचे तर कधी पेढीचे, विमा उतरवलेला, आणि विक्रीवर पेढीचे कमिशन ठरलेले. तेजीमंदीची जोखीम मुंबईच्या मालकावर असे. तो मालकही बहुधा एकटा नसे, कारण एका पाठवणीत अनेकांचे हिस्से असत आणि त्यांपैकी कित्येकांनी सराफांकडून उचल घेतलेली असे. अफू कँटनच्या वखारींत कधीच उतरत नसे. पर्ल नदीच्या मुखाशी लिंटिन बेटाजवळ नांगरून ठेवलेल्या जहाजांवर ती साठवली जाई. चिनी दलाल कँटनमध्ये चांदी मोजून चिठ्ठी घेत आणि वेगवान वल्ह्यांच्या होड्या ती चिठ्ठी दाखवून माल उचलत. त्यामुळे कँटनमधील परदेशी व्यापाऱ्याजवळ कधीही अफू सापडत नसे. सापडले तर कागद सापडत. मिळालेल्या चांदीचा मोठा भाग हुंड्यांच्या बदल्यात कंपनीकडे जाई, चीनच्या व्यापारातील तिची मक्तेदारी १८३४मध्ये संपेपर्यंत कंपनी त्यातून चहा विकत घेई, आणि त्या चहावरील जकात ब्रिटिश सरकारच्या महसुलाचा सुमारे दहावा हिस्सा होती. कंपनी स्वतःच्या जहाजांतून मात्र अफू नेत नसे. लागवडीला पैसा पुरवायचा, लिलाव करायचा, परवाना द्यायचा, आणि चीनच्या किनाऱ्यावर आपला काही संबंध नाही अशी भूमिका घ्यायची, हे कंपनीचे जुने धोरण होते.

मार्चमधले दहा दिवस

लिन यांच्या मागे सम्राटांच्या दरबारात झालेला दीर्घ वाद होता. अफूच्या बदल्यात चांदी बाहेर जात असल्याने तिचा भाव चढला होता. शेतकऱ्याच्या हाती तांब्याची नाणी येत, कर मात्र चांदीच्या हिशेबाने भरावा लागे, आणि ज्या चांदीला पूर्वी हजार नाणी पुरत तिला आता सोळाशेच्या आसपास मोजावी लागत. १८३६मध्ये शू नायजी या अधिकाऱ्यांनी अफू कायदेशीर करून तिच्यावर जकात बसवावी असे सुचवले होते. १८३८मध्ये ह्वांग ज्वेत्झी यांनी उलट टोक गाठून ओढणाऱ्यालाच मृत्युदंडाची मागणी केली. लिन यांनी आपल्या अखत्यारीतील प्रांतांत व्यसनमुक्ती आणि जप्ती ही दोन्ही कामे करून दाखवली होती, म्हणून सम्राटांनी त्यांना कँटनला पाठवले.

१० मार्चला ते पोहोचले. १८ तारखेला त्यांनी हुकूम काढला की परदेशी व्यापाऱ्यांनी सर्व अफू हवाली करावी आणि पुन्हा आणणार नाही असे हमीपत्र लिहून द्यावे. हमी मोडली तर माल जप्त आणि अपराध्याला देहदंड. व्यापाऱ्यांनी सुरुवातीला १,०३७ पेट्या देऊ करून वेळ मारून नेण्याचा प्रयत्न केला. लिन यांनी ते नाकारले आणि मोठे व्यापारी लान्सलॉट डेंट यांना हजर करण्याची मागणी केली. ब्रिटनचे व्यापार अधीक्षक कॅप्टन चार्ल्स एलियट मकाऊहून धावत आले आणि २४ मार्चच्या संध्याकाळी परदेशी वखारींमध्ये शिरले. त्याच रात्री लिन यांनी व्यापार बंद केला, चिनी नोकरांना बाहेर काढले आणि सुमारे साडेतीनशे परदेशी माणसांना त्या आवारात कोंडले. अन्नपाण्यावाचून कोणी मेले नाही, मात्र कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्यांना स्वतःच्या हाताने चूल पेटवावी लागली. या कोंडलेल्यांत पारशी व्यापारीही होते.

तिसऱ्या दिवशी, २७ मार्चला, एलियट यांनी जे केले ते या संपूर्ण प्रकरणाचे मर्म आहे. त्यांनी प्रत्येक ब्रिटिश प्रजाजनाला आदेश दिला की त्याच्या ताब्यातील सर्व अफू ब्रिटिश राणीच्या सरकारच्या सेवेसाठी आपल्याकडे सोपवावी, आणि तिच्या किमतीची जबाबदारी सरकारच्या वतीने स्वीकारली. मगच ती अफू त्यांनी स्वतःच्या सहीने लिन यांच्या हवाली केली. लिन यांच्या दृष्टीने तस्करांचा निषिद्ध माल जप्त झाला होता. कागदावर मात्र आता चीनने ब्रिटिश राणीची मालमत्ता घेतली होती.

व्यापाऱ्यांनी इतक्या तत्परतेने माल का दिला, याचे कारण बाजारात शोधावे लागते. १८३८च्या अखेरीपासून कँटनमधील धरपकडीमुळे विक्री जवळजवळ थांबली होती, लिंटिनच्या जहाजांवर माल साचला होता आणि मुंबईहून नवी जहाजे येतच होती. न खपणाऱ्या मालाच्या बदल्यात ब्रिटिश सरकारची पावती मिळत असेल तर आडत्याला याहून चांगला ग्राहक कोण मिळणार? आकडा सांगताना कोणी हात आखडता घेतला नाही. काही पेट्या दोनदा मोजल्या गेल्या, काही अजून यायच्या होत्या. लिन यांनी २०,२८३ हा आकडा धरून ठेवल्यावर तूट भरून काढण्यासाठी एलियट यांना आणखी अफू विकत घ्यावी लागली. एकट्या जार्डिन मॅथेसन पेढीने सुमारे ७,००० पेट्या दिल्या, आणि त्यांतील मोठा वाटा मुंबईच्या मालकांचा होता. मालकांना कोणी विचारले नाही. विचारायला वेळही नव्हता, कारण पत्र मुंबईला पोहोचायला कित्येक आठवडे लागत.

एलियट यांच्यापुढे दुसरा मार्ग होता का? माझ्या मते होता. प्रत्येक व्यापाऱ्याने आपापल्या जोखमीवर माल सोपवावा आणि ब्रिटिश सरकार चिनी कायद्याच्या आड येत नाही असे त्यांनी जाहीर केले असते, तर तोटा ज्यांनी जोखीम पत्करली होती त्यांच्याकडेच राहिला असता. मागच्याच वर्षी स्वतः एलियट यांनी कँटनच्या नदीत शिरणाऱ्या अफूच्या होड्यांना सरकारी संरक्षण मिळणार नाही असे बजावले होते. पण लिन यांचेही एक पाऊल चुकले, असे मला प्रामाणिकपणे वाटते. दोषी कोण आणि निर्दोष कोण हे न पाहता त्यांनी सर्वांना एकत्र कोंडले. त्यात अफूला हात न लावणारे अमेरिकी व्यापारी होते आणि खुद्द एक सरकारी अधिकारी होता. लिन यांचे म्हणणे न्याय्य होते, पण या सरसकट वेढ्याने लंडनला तक्रारीसाठी हवे ते आयते हाती दिले.

हूमेनचे हौद

३ जून १८३९ रोजी पर्ल नदीच्या मुखाजवळील हूमेन येथे अफू नष्ट करण्याचे काम सुरू झाले. जाळल्यास वितळलेली अफू जमिनीत मुरते आणि लोक ती माती खरवडून पुन्हा अर्क काढतात, हे लिन यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी किनाऱ्यावर तीन मोठे हौद खणवले, त्यांच्या तळाला फरशा आणि कडांना लाकूड लावले. हौदात पाणी आणि मीठ सोडायचे, बंगालच्या अफूचे गोळे फोडून आणि माळव्याच्या वड्या चिरडून त्यात टाकायच्या, त्या भिजल्या की कळीचा चुना ओतायचा. मग पाणी उकळू लागे, दाट धूर उठे, आणि सुमारे पाचशे मजूर फळ्यांवर उभे राहून दांड्यांनी तो रबडा ढवळत. ओहोटी लागली की दारे उघडून सगळे समुद्रात सोडत आणि हौद धुऊन काढत. मजूर घरी जाताना त्यांची झडती घेतली जाई. अकराशे टनांहून अधिक माल संपवायला तीन आठवड्यांहून जास्त काळ लागला. काम सुरू करण्यापूर्वी लिन यांनी समुद्रदेवतेला उद्देशून प्रार्थना लिहिली आणि तिच्या पाण्यात हे विष सोडावे लागत असल्याबद्दल क्षमा मागितली.

जूनच्या मध्यावर अफूचा व्यापार न करणारे अमेरिकी व्यापारी चार्ल्स किंग आणि मिशनरी एलायजा ब्रिजमन यांनी हे काम प्रत्यक्ष पाहिले. ब्रिजमन यांनी लिहून ठेवलेल्या वृत्तांतात कामातील काटेकोरपणाबद्दल आदर आहे. एवढा माल नष्ट करताना त्यातला काही अधिकाऱ्यांच्या हातून गुपचूप बाजारात गेला असेल, ही त्या वेळची परदेशी मंडळींची शंका या वृत्तांतापुढे टिकत नाही.

लिन यांनी मोबदलाही देऊ केला होता. सम्राटांच्या मान्यतेने पेटीमागे पाच कॅटी, म्हणजे सुमारे तीन किलो, चहा. चिनी बाजूला ही राजाची कृपा होती. ब्रिटिश बाजूने ती मनावर घेतली नाही.

पावती लंडनला जाते

एलियट यांची पावती घेऊन दावे लंडनला पोहोचले. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी अर्ज पाठवले, त्यांत जमशेटजी पुढे होते. व्यापाऱ्यांच्या मते मालाची किंमत वीस लाख पौंडांच्या घरात होती. सरकारी खजिन्याने स्पष्ट केले की पार्लमेंटच्या मंजुरीशिवाय असे पैसे देता येत नाहीत. आणि ब्रिटनमध्ये आर्थिक चणचण असताना अफूच्या मालकांना करदात्याच्या खिशातून पैसे द्या, असे पार्लमेंटपुढे जाऊन सांगण्याची हिंमत कोणत्याही मंत्रिमंडळाची नव्हती. जानेवारीतच चीन सोडलेले जार्डिन सप्टेंबरमध्ये परराष्ट्रमंत्री पामर्स्टन यांना नकाशे आणि आरमाराचा अंदाज घेऊन भेटले. १ ऑक्टोबर १८३९च्या बैठकीत मंत्रिमंडळाने आरमार पाठवण्याचे ठरवले. पैसे चीनकडूनच वसूल होणार होते. पार्लमेंटला या निर्णयाचा जाब विचारता आला तो एप्रिल १८४०मध्ये, आणि सरकारविरुद्धचा ठराव २७१ विरुद्ध २६२ अशा अवघ्या नऊ मतांनी पडला. विरोधी पक्षाचे तरुण खासदार ग्लॅडस्टन यांनी त्या चर्चेत या युद्धाला राष्ट्राला कलंक लावणारे म्हटले होते.

युद्धाचा तपशील येथे आवश्यक नाही. मुंबईचा धागा तिथेही तुटत नाही, एवढे मात्र नोंदवले पाहिजे. जुलै १८४०मध्ये चीनच्या पूर्व किनाऱ्याजवळील झौशान बेटावर तोफा डागणारे ‘वेलस्ली’ हे ७४ तोफांचे जहाज मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानातून बांधले गेले होते. एलियट यांच्या जागी आलेले सर हेन्री पॉटिंजर पूर्वी सिंधमध्ये ब्रिटिश प्रतिनिधी होते, आणि मुंबईहूनच ‘सेसोस्ट्रिस’ या कंपनीच्या वाफेच्या जहाजाने ऑगस्ट १८४१मध्ये मकाऊला उतरले. २९ ऑगस्ट १८४२ रोजी युद्ध संपवणारा नानजिंगचा तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर झाला, तेही १८१३मध्ये मुंबईतच पाण्यात सोडलेले होते. माल, पैसा आणि जहाजे, तिन्ही बाबतीत मुंबईचा हात होता. लिन झेशू मात्र १८४०मध्येच पदच्युत झाले आणि पुढे त्यांना शिनजियांगमधील इली येथे हद्दपार करण्यात आले.

हिशेब कसा मिटला

तहानुसार चीनने चांदीचे २ कोटी १० लाख डॉलर द्यायचे होते : युद्धखर्चाचे १ कोटी २० लाख, कँटनच्या चिनी व्यापाऱ्यांकडील थकबाकीचे ३० लाख आणि नष्ट केलेल्या अफूचे ६० लाख. या ६० लाखांना पेट्यांच्या संख्येने भागले तर पेटीमागे २९६ डॉलरही भरत नाहीत. चांगल्या दिवसांत माळव्याच्या पेटीला पाचशे डॉलर किंवा त्याहून जास्त मिळत, त्यामुळे मालकांचा दावा अर्ध्याच्या आसपास मान्य झाला असे म्हणता येईल. त्यासाठीही चार वर्षे थांबावे लागले. मोठ्या पेढ्यांना ही वाट पाहणे जमले, कारण युद्ध चालू असतानाही किनाऱ्यावरची अफूविक्री थांबली नव्हती आणि पुरवठा अडल्याने भाव चढले होते. ज्या लहान हिस्सेदारांनी उचल घेऊन पेट्या पाठवल्या होत्या त्यांच्यावर व्याज चढत गेले. पावत्या कमी भावाने विकत घेऊन ठेवणाऱ्यांचाही एक वर्ग या काळात तयार झाला.

सर्वांत निश्चित फायदा मुंबई सरकारच्या तिजोरीचा झाला, आणि या गोष्टीची चर्चा सर्वांत कमी होते. १८४३मध्ये ब्रिटिश सेनापती नेपियर यांनी सिंध जिंकले, कराची-दमणची चोरवाट बंद झाली, आणि माळव्याच्या मालाला मुंबईवाचून पर्याय उरला नाही. परवान्याचा दर त्याच वर्षी २०० रुपये झाला, १८४५मध्ये ३०० आणि १८४७मध्ये ४०० रुपये. वर्षाला वीस हजार पेट्या धरल्या तरी या शेवटच्या दराने ऐंशी लाख रुपये होतात, आणि त्यासाठी सरकारला एक एकर जमीन नांगरावी लागत नव्हती. माळव्यातील शेतकऱ्याचे नाव या साऱ्या कागदांत कोठेही येत नाही. चिनी व्यसनी माणसाचेही येत नाही.

जमशेटजींना १८४२मध्ये, तहाच्याच वर्षी, नाइट किताब मिळाला. तो मिळवणारे ते पहिले भारतीय. १८४५मध्ये त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले भायखळ्याचे रुग्णालय सुरू झाले, त्याच वर्षी त्यांच्या पत्नी अवाबाई यांच्या पैशातून माहीमचा कॉजवे खुला झाला, आणि पुढे कलाशाळा आली. त्यांच्या दानशूरतेबद्दल मला शंका नाही. आजही ज्या रुग्णालयात राज्याच्या कानाकोपऱ्यातून गरीब रुग्ण येतात, त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. पण त्या पैशाचा मोठा भाग कोणत्या व्यापारातून आला, हे मुंबईच्या शाळांत या संस्थांच्या गौरवाबरोबरच शिकवले जावे, असे मला मनापासून वाटते. त्यासाठीची साधने दूर नाहीत : जमशेटजींच्या व्यापारी पत्रव्यवहाराच्या वह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन झाल्या आहेत, आणि कँटनच्या आडत्याशी भाव, विमा आणि पाठवण्यांबद्दल झालेले बोलणे त्यांत ओळीओळीने वाचता येते.

नानजिंगच्या तहात अफूच्या भरपाईचे कलम आहे, पण अफूचा व्यापार यापुढे वैध की अवैध, याबद्दल एक शब्दही नाही. पॉटिंजर यांनी तो कायदेशीर करावा म्हणून चिनी वाटाघाटी करणाऱ्यांकडे विषय काढला. दाओग्वांग सम्राट त्याला तयार नव्हते. त्यामुळे तहानंतरही सोळा वर्षे माळव्याच्या पेट्या मुंबईतून परवाना घेऊन निघत आणि चीनच्या किनाऱ्यावर चोरटा माल म्हणून उतरत राहिल्या. १८५८मध्ये, दुसरे युद्ध चालू असताना, शांघाय येथे झालेल्या जकातीच्या करारात पेटीमागे तीस ताएल (चांदी मोजण्याचे चिनी वजन) चांदी घेऊन त्यांना चीनमध्ये कायदेशीर प्रवेश देण्यात आला.